लुमिको फोनचा दोष

पाचूबंदर, वसई
दि. ६ सप्टेंबर २००४

ति. मटिल्डाबाय हिला,
धाकट्या ॲनीचा सा. न. वि. वि.

तुमच्या डोंगरात अजून फोनची रेंज पोचली नाही आणि साऱ्या सिस्टर मिळून पोस्टमनची वाट बघता, हे वाचून हसू आलं. इथे उलट आहे. आमच्या घरात माणसं तीन आणि फोनच्या कंपन्याही तीन. माझा नोकिया. दोनदा मासळीच्या टोपलीत पडला, पुसला की चालू. वीज गेली की त्याच्याच बॅटरीच्या उजेडात भात उतरवते. दीर व्हिन्सेंटकडे जुनी काळी वीट आहे, खिशात ठेवली तर पॅन्ट खाली येते, पण त्याच्या मते आवाज ऐकावा तर तिच्यावरच. आणि जोसेफने माणिकपूरच्या केल्विनच्या दुकानातून नवा लुमिको आणलाय. रंगीत पडदा, गाण्याची रिंग. जेवताना दोघे भाऊ आपापला फोन ताटाशेजारी ठेवून भांडतात. जोसेफ म्हणतो, लुमिकोला समुद्रातल्या खडकाच्या पलीकडेही रेंज येते. व्हिन्सेंट म्हणतो, रंग बघून मासा घेतोस तसाच फोन घेतलास.

खरं सांगू? मला त्या फोनचा मोठा आधार वाटतो. पूर्वी जोसेफची बोट गेली की चार दिवस नुसतं क्षितिजाकडे बघत बसायचं. आता किनाऱ्याजवळ आले की फोन येतो. बोटीवर अर्नाळ्याचा प्रल्हादही असतो, जोसेफचा बारा वर्षांपासूनचा जोडीदार. त्याची बायको मालू बाजारात माझ्या शेजारी बसते. फोन आला की मी तिला सांगते, मग दोघी मिळून टोपल्या आवरतो.

एक फजिती मात्र झाली. गेल्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा चालू असताना, अगदी परमप्रसादाच्या वेळी माझा फोन वाजला. फादर थांबले. मला जमिनीत जावंसं वाटलं. रागावू नकोस.

तुझ्या प्रार्थनेत आम्हाला जागा असू दे.
तुझी,
ॲनी

—

जि. नंदुरबार
दि. १५ सप्टेंबर २००४

चि. सौ. ॲनी हिस,
अ. आ.

रागावू नको म्हणतेस, पण रागावणारच. आपल्या आईने कधी मिस्सेला चपलेचासुद्धा आवाज होऊ दिला नाही. तू मात्र देवासमोर फोनची रिंग वाजवतेस, आणि वर त्याला नुसती फजिती म्हणतेस.

यापुढे चर्चच्या फाटकातच फोन बंद करायचा. नुसता आवाज कमी करून चालणार नाही, पूर्ण बंद. एक तास जगाने तुझी वाट बघितली तर काही बिघडत नाही. मला तसं वचन लिहून पाठव.

बाकी इथे सारं क्षेम. शाळेतल्या मुलींची सहामाही जवळ आली आहे. जोसेफ, व्हिन्सेंट आणि त्यांच्या भांडणाऱ्या फोनांना आशीर्वाद सांग.

तुझी,
मटिल्डाबाय

—

पाचूबंदर
दि. ८ ऑक्टोबर २००४

ति. बायला,
सा. न. वि. वि.

वचनाचं पत्र पाठवलं होतं, ते पोचलं असेल. आज वेगळंच लिहायचं आहे. मागच्या रविवारी, तीन तारखेला, बोटीवर अपघात झाला. जोसेफ सुखरूप आहे. प्रल्हादचा डावा हात जाळं ओढायच्या विंचच्या दोरात सापडला.

मासळी बरी लागली म्हणून ते शनिवारऐवजी रविवारी परतत होते. आठच्या सुमाराला बंदराबाहेर पोचले, तर ओहोटी लागलेली. मोठी बोट आत येईना. रविवार, म्हणून आसपास दुसरी होडीही नाही. कुणी लहान होडी नेली असती तर प्रल्हाद अर्ध्या तासात डॉक्टरकडे पोचला असता. जोसेफ फोन लावत राहिला. लागला नाही. शेवटी बॅटरी संपली. भरतीचं पाणी चढून बोट आत यायला साडेअकरा वाजले. तोवर प्रल्हादने आपल्या टॉवेलात हात धरून ठेवला होता. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. चार बोटं गेली.

अख्खं बंदर म्हणतं, लुमिकोमुळे झालं. समुद्रात तो फोन कुचकामी. बंदरातल्या तिघांनी आपले लुमिको केल्विनच्या दुकानात नेऊन आपटले. मालूही त्या फोनला शिव्या देते.

प्रल्हादसाठी मेणबत्ती लाव. जास्त लिहवत नाही.

ॲनी

—

जि. नंदुरबार
दि. १५ ऑक्टोबर २००४

चि. ॲनी हिस,
अ. आ.

पत्र वाचून सगळ्या सिस्टरांनी प्रल्हादसाठी प्रार्थना केली. जोसेफ वाचला याबद्दल देवाचे आभार मानताना मला लाज वाटली, कारण दुसऱ्याची बोटं गेली आहेत.

एक विचारते, चिडू नकोस. तू लिहिलंस, जोसेफ फोन लावत राहिला. कुणाला लावत होता? रविवारी आठ वाजता तू तर मिस्सेला असतेस. तुझ्या पत्रात लुमिकोबद्दल इतकं आहे, पण तुझ्या नोकियाबद्दल एक अक्षर नाही.

मी चूक असेन तर तसं लिही. चूक नसेन तरी लिही.

तुझी,
मटिल्डाबाय

—

जि. नंदुरबार
दि. २८ ऑक्टोबर २००४

चि. ॲनी हिस,
अ. आ.

उत्तर नाही. रोज पोस्टमनची वाट बघते आणि तो आला की भीती वाटते. मी विचारायला नको होतं का? फक्त बरी आहेस एवढं कळव.

मटिल्डाबाय

—

पाचूबंदर
दि. ३० ऑक्टोबर २००४

ति. बायला,
सा. न. वि. वि.

तू ओळखलंस. माझा फोन बंद होता.

फाटकात बंद केला, तुला दिलेल्या वचनाप्रमाणे. मिस्सेनंतर बाजारात गेले आणि चालू करायचं विसरले. साडेदहाला आठवलं. तोवर जोसेफने नऊ वेळा लावून बघितला होता आणि त्याची बॅटरी संपली होती. नव्या फोनात त्याने दोनच नंबर घातले होते, माझा आणि बर्फाच्या कारखान्याचा; व्हिन्सेंटचाही नव्हता. कारखाना रविवारी बंद. लुमिकोला रेंज होती, बाय. अगदी स्वच्छ. त्या फोनचा काही दोष नव्हता.

त्या दिवशी इस्पितळात मालूने जोसेफला विचारलं, फोन का नाही केला? माझ्याकडे न बघता तो म्हणाला, रेंज नव्हती. घरी आल्यावरही तो मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. ते एक वाक्य आता बंदरभर झालंय. जो तो आपल्या फोनची कंपनी सांगतो आणि लुमिकोला नावं ठेवतो. केल्विनने दुकानातलं लुमिकोचं कपाट रिकामं केलं. त्याच्याकडे आता कुणी चार्जरसुद्धा घ्यायला जात नाही. परवा मला रस्त्यात भेटला, विचारत होता, ॲनी, खरंच एकदाही लागला नाही का गं? मी पिशवीतल्या भाजीकडे बघत राहिले.

मालू बाजारात माझ्या शेजारीच बसते. प्रल्हादला शर्टाचं बटण लावता येत नाही, हे ती मला सांगते. आणि मला म्हणते, तुझा जोसेफ होता म्हणून माझा माणूस घरी आला.

आता काय करू, सांग. पण मला माफी पाठवू नकोस.

ॲनी

—

जि. नंदुरबार
दि. ५ नोव्हेंबर २००४

चि. ॲनी हिस,
अ. आ.

माफी पाठवत नाही. माझ्याकडे ती आहेच कुठे? फोन बंद करायला मीच लावला. इतक्या दूर बसून मी नियम लिहिला, आणि जिचा नवरा समुद्रावर असतो तिच्यासाठी एक तास म्हणजे काय, याचा विचार केला नाही. ते माझ्याकडे राहू दे.

पण मालूकडे तुलाच जावं लागेल. जोसेफने तुझ्यावर पांघरूण घातलं, ते प्रेमाने घातलं. त्याखाली केल्विन गुदमरतोय, आणि तूही. माझं नाव सांग हवं तर. पण जा.

तुझी,
मटिल्डाबाय

—

पाचूबंदर
दि. १५ नोव्हेंबर २००४

ति. बायला,
सा. न. वि. वि.

काल दुपारी अर्नाळ्याला गेले. जोसेफ बरोबर यायला निघाला होता, मी नको म्हटलं. मालू ओट्यावर बोंबील साफ करत होती, प्रल्हाद आत खाटेवर. मी उभ्या उभ्याच सांगितलं, नाहीतर बसल्यावर जीभ उचलली नसती. चर्च, फाटक, बाजार, साडेदहा, सगळं. तुझं नाव घेतलं नाही. बटण माझ्या अंगठ्याने दाबलं होतं.

मालूचा हात थांबला. तिने एवढंच विचारलं, "त्याच दिशी कां नाय सांगलंस?"

मग आतून प्रल्हाद बोलला. म्हणाला, त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तो जोसेफच्या पायाशीच पडून होता. दर वेळी फोनमधली ती बाई म्हणायची, मोबाइल बंद आहे. नऊच्या नऊ वेळा त्याने ऐकलं. जोसेफ रेंज नव्हती म्हणाला तेव्हा तो गप्प बसला, मालूलाही सांगितलं नाही. मी विचारलं, का? म्हणाला, "फोन बंद र्‍हातो कदी कदी. तू येतंस का नाय, तां बगत होतो." बाय, दीड महिना तो माझी वाट बघत होता, आणि मी रोज त्याच्या बायकोच्या शेजारी बसून मासळी विकत होते.

त्याने माफ केलं म्हणाला नाही. केल्विनला जाऊन सांग, म्हणाला, आणि जेटीवरही सांग, सगळ्यांसमोर. आज सकाळी दोन्ही केलं. जेटीवर व्हिन्सेंट माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. केल्विनने पाठ फिरवली आणि मग बराच वेळ रिकामं कपाट पुसत राहिला.

काल मालूने मला बस म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. थोड्या वेळाने तिने दुसरी विळी माझ्याकडे सरकवली. दोघींनी टोपली रिकामी होईपर्यंत बोंबील साफ केले. निघताना मी म्हटलं, उद्या परत येते. तिने मान वर न करता सांगितलं, लवकर ये, उद्या मासळी जास्त आहे.

आता बरोबर यायला जोसेफ वाट बघतोय, टपाल सुटायच्या आत हे टाकून मालूकडेच निघते. तुझ्या ओळीची वाट बघेन.

तुझीच,
ॲनी