लाटणं खाली ठेवायला लावणारा प्रश्न

सर, गेला आठवडाभर माझा फोन तापून बंद पडतोय आणि त्याला तुमची लाडकी विद्यार्थिनी जबाबदार आहे. तिच्या ठाण्यातल्या व्याख्यानाचं पत्रक आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अकरा जणांनी टाकलं, प्रत्येकाने हात जोडून. माझे विनोदी लेख छापून येतात तेव्हा याच ग्रुपवर पाण्याच्या टँकरची चर्चा चालू असते.

डोंबिवलीच्या त्या स्वयंपाकघरात तुम्ही पोळ्या लाटता लाटता आम्हाला फिजिक्स शिकवायचात, कारण बाहेरच्या खोलीत तुमची आई अंथरुणाला खिळलेली. ज्या प्रश्नाला तुम्ही लाटणं खाली ठेवाल तो प्रश्न मोठा, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं. तिच्यासाठी ते कितीदा खाली गेलं. मला मात्र लाटता लाटताच उत्तर मिळायचं, वर "पीठ सांडू नकोस". प्रोटॉनच्या आत क्वार्क कसे बांधलेले असतात हे सांगताना तुम्ही कोथिंबिरीच्या जुडीचं रबर दोन बोटांत ताणताय, अजून दिसतं. जवळ आहेत तोवर जवळजवळ मोकळे. लांब न्यायला जा, की सोडायला तयार नाहीत. ती माझ्या कानाशी काहीतरी पुटपुटली आणि मी तेच मोठ्याने विचारलं, "सर, ओढतच राहिलो तर?"

लाटणं खाली. तव्यावरची पोळी करपली. तुटतं, म्हणालात, पण एकटा क्वार्क कधी हाती लागत नाही. ओढण्यात घातलेल्या ऊर्जेतूनच नवी जोडी तयार होते. मग हात पुसून तुमच्या वापरातलं पुस्तक मला दिलंत, पहिल्या पानावर 'ज्याला पुढचा प्रश्न पडतो त्याला' असं लिहून. तो प्रश्न माझा नव्हता, सर. जिन्यात मी पुस्तक तिच्यापुढे धरलं, अगदी अर्ध्या मनाने. ती म्हणाली, "ठेव रे, तुला जास्त लागेल." हे ती चांगुलपणाने म्हणाली, आणि तेवढंच मला आजवर माफ करता आलेलं नाही.

रविवारी मी व्याख्यानाला गेलेलो. ती आता प्रोटॉनच्या आतलंच काय काय शोधत असते. साडी साधी, बोलणं त्याहून साधं. नाव ठेवायला म्हणून एक जागा सोडली नाही बाईने. मध्येच तुमचं स्वयंपाकघर निघालं, आणि ती म्हणाली, "हा प्रश्न माझ्या मित्राने विचारलेला. तो आज इथे बसलाय." तिला खरंच तसं आठवतं, की तिने ते पुन्हा एकदा मला देऊन टाकलं, कळलं नाही.

नंतर चहाच्या टेबलापाशी मी पुस्तक तिच्या हातात दिलं. तुमच्या ओळीखाली तिचं नाव सकाळीच लिहून आणलं होतं. तिने वाचलं, पर्समध्ये ठेवलं आणि मी चहा घेतला का ते विचारलं.

तुम्ही गेल्यावर हे पत्र पाठवणार कुठे. पाठवता आलं असतं तरी एक गोष्ट मी गाळलीच असती. तिने माझ्याकडे बोट दाखवल्यावर टाळ्या वाजल्या, तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि दोन्ही बाजूंना वळून नमस्कार केला.