मुलाखत क्रमांक सतरा

९ जून २०२५
गाइड मॅडमनी चौथं प्रकरण परत दिलं. चार वर्षांच्या पीएच.डी.त पहिल्यांदाच समासात "सुंदर!" – आणि तेही नेमकं जिजाबाईंच्या मुलाखतीवर. छप्पन साली आईवडिलांबरोबर नागपूरला दीक्षेला गेलेल्या तळेगावच्या जिजाबाई. दीक्षेला पांढरं नेसायचं, पण पांढरं लुगडं नव्हतं म्हणून मायनं रंगीत लुगडं राखेच्या पाण्यात उकळून पांढरं केलं – ते वाक्य.
जिजाबाई हे बोललेल्याच नाहीत. एआयनं लिहिलंय.

१० जून
रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. चाळीस मिनिटांत बाई तीन वाक्यं बोलल्या. "मी लहान होती. लोकं लई होते. मले काई आठवत नाई." बाकी कोंबड्या. आणि माझा आवाज – आठवा ना आजी, आठवा ना!
मार्चमध्ये ही तीन वाक्यं एआयला दिली आणि सांगितलं, वऱ्हाडीत अर्धं पान कर. वाचून मलाच रडू आलं होतं. निर्लज्ज!

१२ जून
विद्यापीठाचा नवा फॉर्म. एआयकडून जे घेतलं त्याचा संदर्भ द्या – साधन, तारीख, काय विचारलं ते. प्रस्तावनेची भाषा नीट करून घेतली होती, ते इमानदारीत भरलं. मुलाखत सतराचं नाही भरलं.

१५ जून
जिजाबाई गेल्या. त्यांच्या मुलाचा, बाबाराव काकांचा फोन. "पोरी, तू मायचं लिहून नेलं होतं नं? पुण्यानुमोदनाले वाचू. आमच्यापाशी तिचं काईच नाई."
"पाठवते काका," म्हटलं मी. काय गरज होती?
पाठवलं.

२२ जून
जिजाबाईंच्या पुण्यानुमोदनाला तळेगावच्या विहारात गेले. वंदना झाल्यावर काकांनी ते पान माइकवर वाचलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शेजारच्या कुंताबाई तेवढ्या पुटपुटल्या, "जिजी एवढी कधी बोलली वं?" न जेवताच एसटी पकडली.
आता दिवसाढवळ्याही ती दिसते. विहारातल्या फोटोतली जिजाबाई नाही – मी केलेली. भडाभडा बोलते, थांबतच नाही. मला तिची भीती वाटते.

२५ जून
लिहून टाकलं एकदाचं! मजकुरात जिजाबाईंची तीन वाक्यं, बस. खाली टीप: आधीचा उतारा एआयनिर्मित होता, तारीख, माझी सूचना, शब्दशः. मॅडम भडकल्या – "डिग्री हातची जाईल, कळतंय का?" कळतंय.
काकांनाही पत्र टाकलं. काही लपवलं नाही. माफी मागितली.

२८ जून
उत्तर नाही.

१ जुलै
काकांचा फोन. शिव्या खायच्या तयारीनंच उचलला. ते हसत होते. "मशीनले काय मालूम पोरी? मायनंच सांगतलं होतं मले हे लुगड्याचं, लहानपणी. मी इसरून गेलतो. आता सारं आठवते."