नात्यातलं माणूस चालणार नाही

सोमवार, ४ ऑगस्ट
बायोच्या मॅडमचं शिफारसपत्र मिळालं एकदाचं. सफाळ्याला दोन खेपा. पहिल्या खेपेला त्या घरी नव्हत्या. दुसऱ्या खेपेला होत्या, पण मी त्यांना आठवेना. "कुठली गं तू? लॅबमधला सांगाडा बघून रडलेली ती?" ती मी नव्हे, ती रिमा. पण म्हटलं हो, मीच. पत्रात लिहिलंय, 'शांत व समंजस स्वभावाची विद्यार्थिनी'. आई मासे साफ करता करता इतकी हसली की शेजारची बघायला आली.

एक झालं. नर्सिंगच्या फॉर्मला दोन लागतात. दुसरं, आजारी माणसाची सेवा करताना ज्यांनी आपल्याला पाहिलंय त्यांचं. नातेवाईक नको. शेवटची तारीख २२, पालघरला. यंदा राहिलं तर आत्या स्थळं घेऊन तयारच आहे. नाहीतर आणखी वर्षभर हॉस्पिटलात बेडपॅन. एकोणिसाव्या वर्षी अख्खं बोईसर मला मावशी म्हणतं!

बुधवार, ६ ऑगस्ट
डॉक्टरांना विचारलं. दीड वर्ष त्यांच्या हॉस्पिटलात राबतेय, त्यांच्याहून जास्त कोणी पाहिलंय? म्हणाले, "हो हो, देऊ की. गणपतीनंतर आठवण कर." सर, तारीख २२ आहे. "मग बघू." पेन हातातच होतं हो माणसाच्या!

आमच्या सिस्टर, लताताई, म्हणाल्या, त्यांना तुला सोडायचंय कुठं. नवीन मुलगी मिळत नाही, मिळाली तर एमआयडीसीत जास्त पगारावर पळते. म्हणजे मी चांगली, म्हणून पत्र नाही. वाईट असते तर कालच लिहून हाकललं असतं.

शनिवार, ९ ऑगस्ट
आईने घोळ घातला. रिकाम्या हाताने कोणाकडे काही मागायचं नसतं म्हणे. बाजार उरकून परस्पर हॉस्पिटलात आली आणि डॉ.च्या टेबलाखाली सुक्या बोंबलांची पिशवी ठेवून गेली. डॉ. राउंडवर. केबिनचं दार बंद, एसी चालू. थोड्या वेळाने आत बसवलेला पेशंट नाकाला रुमाल लावून बाहेर आला, "गॅस लीक हुआ क्या?" केमिकल कंपनीतला होता बिचारा. त्याच्यामागे अर्धे पेशंट रस्त्यावर.

डॉ. श्रावण पाळतात. आईला सांगितलं तर म्हणते, "मग? सुकं हाय ते. श्रावण सरला का खातील. नासतंय काय?"

बोलायची सोयच नाही. डॉ.समोर आठ दिवस तरी पत्राचं नाव काढता येणार नाही आता.

मंगळवार, १२ ऑगस्ट
गुरुजींचं पत्र! हे आधी का नाही सुचलं? आमच्या गावच्या शाळेचे, आता रिटायर. त्यांच्या बायकोचा पाय शुगरने चिघळलेला, तेव्हा ड्रेसिंग मीच करायचे रोज. फार सुंदर लिहिलंय. 'जखम पाहून तिने कधी तोंड फिरवले नाही.' दोनदा वाचलं. आमच्या घरात असं तोंडावर कोणी बोलत नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट
कॉलेजच्या खिडकीवरची बाई. पत्र वाचलंच नाही, सही वाचली. "तुमचं आडनाव तामोरे, यांचंही तामोरे. नात्यातलं माणूस चालणार नाही."
नात्यातले नाहीत हो. आमच्या गावात सगळेच तामोरे.
"सगळेच?"
सगळेच. शेवटची दोन घरं मेहेरांची.
"मग मेहेरांचं आणा."

म्हटलं थांबा, त्यांनाच विचारा. फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि तोंडातून निघालं काय? "काका, मी दीपा बोलतेय."

बाईने पत्र दोन बोटांनी परत सरकवलं. अहो, मी एसटीच्या कंडक्टरलाही काका म्हणते! पण ऐकतंय कोण. गाडीत उमरोळी स्टेशन जाईपर्यंत रडले. बोईसरला उतरून वडापाव खाल्ला.

घरी आईला विचारलं, गुरुजी आपले कोण लागतात? "कोण नाय." मग भाकरी उलटता उलटता, "तशी त्यांची आई तुझ्या आजीची मावसभैन."
घ्या!

रविवार, १७ ऑगस्ट
लताताईंना म्हटलं, तुम्हीच द्या. बी.पी. घ्यायला त्यांनी शिकवलं. शीर सापडेना तर कुठे बघायची, माणूस गेल्यावर घरच्यांशी कसं बोलायचं, सगळं त्यांनीच. माहेर-सासर दोन्ही सोलापूरकडचं, म्हणजे आडनावाची कटकट नाही. वीस वर्षं सिस्टर आहेत इथे.

त्या ट्रे पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी सही चालायची नाही गं. खाली नर्सचा रजिस्ट्रेशन नंबर टाकावा लागतो. मला कुठाय नंबर? मी पण तुझ्यासारखीच लागले होते इथं. शिकायचं राहूनच गेलं."

मला माहीतच नव्हतं. रोज एका डब्यात जेवतो. आधी त्यांचाच राग आला, मग माझा, मग डॉ.चा. डॉ.वर टिकला. वीस वर्षं ह्या बाईला सिस्टर म्हणून हाक मारतात आणि पगार...
जाऊ दे.

बुधवार, २० ऑगस्ट
लताताई आपणहून केबिनमध्ये गेल्या. दार बंद, पण आवाज बाहेर. "पोरगी गेली तर मी दोघींचं काम करीन. पण पत्र नाही दिलंत तर उद्यापासून ती पण नाही अन् मी पण नाही." त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

डॉ. बाहेर आले. "तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो."

जेवणाच्या सुट्टीत त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. स्वतःचं कौतुक स्वतःच्या अक्षरात, हात पुढे सरकेना. म्हटलं, चिडकी आहे ते पण लिहू का? "चिडते, पण पेशंटवर नाही. लिही तसं." लिहिलं. डॉ.नी न वाचता सही केली, शिक्का मारला. न वाचता!

शुक्रवार, २२ ऑगस्ट
दिलं बाई. खिडकीवरचीने आधी आडनाव बघितलं. "हं, हे ठीक." वर म्हणते कशी, "यादी लावायच्या आधी आम्ही फोन करून खात्री करतो. खालचा नंबर हॉस्पिटलचाच ना?"

काउंटरचा नंबर. म्हणजे उचलणार लताताई. डॉ.ना जोडून दिला तर ते काय सांगणार? माझ्याबद्दल त्यांना बोंबील सोडून काही आठवतही नसेल.

सोमवार, २५ ऑगस्ट
फोन नाही. लताताईंना सगळं सांगून ठेवलंय. सकाळपासून काउंटर सोडत नाहीत. मध्येच म्हणाल्या, "डॉक्टर ऑपरेशनला असले तर मी बोलले तर चालेल का गं? कोण बोलतंय विचारलं तर काय सांगू?"
म्हटलं, सांगा, हिला जिने शिकवलं ती बोलतेय.
त्या कापसाचे बोळे करत बसल्या.

दुपारी फोन वाजला. आधी पदर सारखा केला, घसा साफ केला, मग उचलला. औषधवाला होता.

थोड्या वेळाने पुन्हा वाजला. पुन्हा पदर.