न लावलेला पाय

आये, गेल्या आठवड्यात माझी कंबर धरली. पाण्याची बादली उचलायला वाकले आणि तशीच अडकले. नवीन पनवेलात फिजिओथेरपीच्या खोलीत दिवसभर लोकांच्या पोरांकडून व्यायाम करून घेणाऱ्या बाईची ही दशा. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस, आणि मग पाय धुवायला मोरीत गेली असतीस.

तू पायाळू. जन्मताना तुझे आधी पाय बाहेर आले, म्हणून तुझा पाय लागला की लचकलेली कंबर सुटते, असं आपल्या नेरे गावात सगळेच मानायचे. विजा चमकायला लागल्या की आत्या तुला अंगणातून घरात ओढायची, पायाळूवर वीज पडते म्हणून. लोक सकाळीच यायचे, ओटीवर गोणपाटावर पालथे पडायचे. तू पाय धुवून, पुसून, डावा तळवा त्यांच्या कमरेवरून हळूच फिरवायचीस. आडदांड बाप्ये तुझ्या पायाखाली मांजरासारखे गप पडून राहायचे. जाताना कुणी चार काकड्या ठेवायचं, कुणी नुसतंच हसून जायचं. मला तेव्हा वाटायचं, सगळ्यांच्याच आयांचे पाय असे असतात.

मग माझा गुडघा. मी दुसरीत असेन. कुठेतरी खरचटलं होतं, खपली धरून गेलीही होती. नंतर एकदम ताप भरला, गुडघा टम्म फुगला, पाय सरळ करायचं नाव काढलं तरी मी किंचाळायचे. त्या दिवसाचं मला सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसतं. वरची कौलं सावकाश वाहतायत. आत्याचा आवाज लांबून येतोय, पोरगी पडली असेल, लचकलाय पाय, घरात औषध असताना कशाला थांबायचं. ओटीवर शेजारपाजारच्या बायका जमल्यात. तू पाय धुऊन येतेस. तुझा ओला तळवा माझ्या गुडघ्यावर येतो आणि टेकतच नाही, वरच थांबतो. तव्याची धग लागल्यावर हात मागे घ्यावा तसा तू पाय मागे घेतेस.

आत्या म्हणाली, "दुनियेला पाय लावतेस, न् पोटच्या पोरीला नाय?"

"नाय लावत. लय गरम हाय." एवढंच बोललीस आणि मला उचललंस.

बाबा कामावर गेलेले. भाजीच्या टेम्पोत, दुधी-पडवळाच्या पाट्यांमध्ये तू मला मांडीवर घेऊन बसलीस. गाढी नदीचा पूल आला तेव्हा मला वाटलं आपण तरंगतोय. पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्यात सुई घातली, पिवळा पू आला, आणि लगेच मला आत नेलं. सांधा उघडून धुतला. नंतर कितीतरी दिवस सलाईनमधून औषधं. डॉक्टर तुला म्हणाले, चोळत घरी बसला असतात तर पाय कायमचा आखडला असता. तू मान हलवलीस आणि माझ्या पायथ्याशी बसून राहिलीस. आता मोठी झाल्यावर कळतं, तू तिथे कशी बसली असशील. पाय वाचला नसता तर डॉक्टरांना कुणी काही बोललं नसतं. पायाळूनं स्वतःच्या पोरीला पाय लावला नाही, हेच गाव जन्मभर बोललं असतं.

पुढे एकदा तू सुकट भाजत होतीस तेव्हा मी विचारलं, तुला कसं कळलं गं? तू सुकट परतत राहिलीस. म्हणालीस, "मना काय म्हाईत? माजा पाय भ्याला." त्यानंतरही लोक येत राहिले, पण तू आधी वाकून हाताची पालथी बाजू लावून बघायचीस. गरम लागलं की गोणपाट गुंडाळून सरळ डॉक्टरकडे धाडायचीस, मग समोरचा कितीही रुसो.

मीही तेच करते, आये. मध्यंतरी ओवे गावची एक बाई लेकाला घेऊन आली. घोटा सुजलेला, तेलानं चकचकीत, पोर तापानं पेंगुळलेलं. व्यायाम दाखवा म्हणाली. मी हाताची पालथी बाजू लावली आणि तिला तशीच शेजारच्या हाडांच्या डॉक्टरकडे नेली. बाई माझ्यावर चिडली होती, नुकताच झोपलाय म्हणत होती. परवा तो पोरगा जरासा लंगडत, पण स्वतःच्या पायांनी चालत आला आणि माझा मोठा रबरी चेंडू मागून बसला. त्या वेळी तुझी फार आठवण आली. हे सांगायला पत्र लिहायला घेतलं. टाकायचं कुठे, हा विचार नंतर आला.

आणि कमरेचं म्हणशील तर व्यायाम मला पाठ आहेत, ते केले, बरंही वाटतंय. पायाळूनं पाय लावून काही होत नाही, हे मी रोज लोकांना सांगते. तरी काल दुपारी दार लावून घेतलं, जमिनीवर चादर अंथरली आणि पालथी पडून राहिले, बराच वेळ. कंबर गरम नव्हती, आये. पडायच्या आधी मी हात लावून बघितलं होतं.