सोनालीचा खोकला

रावेत, मंगळवार, संध्याकाळ

फोन स्पीकरवर चालू आहे. नुसतं बसवत नाही, म्हणून लिहिते आहे.

शाळा बंद आहे, म्हणून सातवीच्या ग्रुपवर प्रयोग दिला होता. हळदीच्या कागदावर लिंबू, साबण, सोडा तपासा. सोनालीनं दुपारी, वडील फोन घेऊन कामाला निघण्याआधी, फोटो पाठवला तो संडास धुवायच्या ॲसिडचा आणि ब्लीचिंग पावडरचा. मागे बंद दार. खाली लिहिलं होतं, 'दोन्ही एकत्र करून बघते.'

म्हणजे क्लोरीन. निघोज्यातलं तिचं घर म्हणजे एकच खोली, आणि दार बंद.

मी तो संध्याकाळी पाहिला. लगेच फोन केला, तर बंद. घरातला एकच फोन तिचे वडील सेकंड शिफ्टला नेतात, कंपनीच्या गेटवर जमा करतात. ग्रुपवर विचारलं, सोनालीजवळ कोण राहतं? आधी चौघांनी 'गुड इव्हनिंग मॅडम' पाठवलं. मग तिच्या शेजारच्या काकूंचा फोन आला.

"पोरगी भाईर बसली मॅडम, लई खोकलायली."

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

"खोकलणारी पोरगी? कोरोनात ठिवून घेतेत की! बाप आल्यावर बघू."

मी ओरडले. मी कधी ओरडत नाही. क्लोरीनचा त्रास नंतरही वाढतो, हे त्यांना कसं पटवू? ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, गाडी मोकळी झाली की पाठवतो. तोवर काकूंना म्हटलं, फोन ठेवू नका, तिच्या तोंडाजवळ धरा.

"मॅडम, हिरवट पिवळा धूर आला," सोनाली म्हणाली. "बरोबर ना?"

"बरोबर. आता बोलू नकोस."

ती बोलत नाही. मी तिचा श्वास ऐकते आहे. तो ऐकू येईनासा झाला, की लिहिता हात थांबतो.