सॅमनचा पहिला घास

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

मेलो! टेस्टिंग पॅनलवर माझं नाव लागलंय.

आमच्या मासे वाढवायच्या फार्मचा पहिला माल निघणार. वीस तारखेला अबुधाबीच्या हॉटेलांचे शेफ येणार, आमच्या टाकीतला सॅमन चाखणार. आणि आमच्याकडून त्यांच्यासोबत खायला कोण? टाक्यांचं पाणी गार ठेवणारे चिलर सांभाळणारा हेमचंद्र! आमचे मॅनेजर राजनसाहेब म्हणाले, "आपने इंटरव्ह्यू में बोला था ना, फिश इज माय लाइफ!"

बोललो होतो. जुनी कंपनी बंद पडली होती, व्हिसाचे अकरा दिवस उरले होते. तेव्हा मी 'उंट इज माय लाइफ' असंही म्हणालो असतो. पुण्यात आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. दीड वर्ष या माशांना वाळवंटात तेरा डिग्रीवर ठेवलंय. जूनमध्ये बाहेर अठ्ठेचाळीस, आत आम्ही जाकिटं घालून! पण तोंडात एक घातलेला नाही. डब्यातली भेंडी मी गाडीत बसून खातो.

डिसेंबरात काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. आणि राजनसाहेबांना थाप खपत नाही. एकाची डिग्री खोटी निघाली तेव्हा त्याला जेवायच्या सुट्टीआधी गेटबाहेर काढला होता.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

शौकतला खरं सांगितलं. हा रत्नागिरीचा, माशांचं खाणं सांभाळतो, शाबिया वस्तीत आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतो. हसून हसून खाद्याच्या गोणीवरच बसला.

"दीड वर्ष पोरांसारखे वाढवलेस नि चव माहीत नाही? यल्ला, शनिवारी घरी ये. आमची नूरजहाँ सुरमई तळेल. पंधरा दिवसांत तुला खवय्या करतो, इन्शाल्ला!"

बायकोला, अनुराधाला मात्र कळता कामा नये. ती माहेरी माझी नोकरी 'रेफ्रिजरेशनमध्ये' एवढीच सांगते. पुढचा मासा गिळून टाकते.

शनिवार, ८ नोव्हेंबर

ताट समोर. सुरमईचा तुकडा सोनेरी, कडेला लिंबू. मी डोळे मिटले. घास उचलला. अनुराधाचा फोन!

"अरे आहेस कुठे? साबुदाणा भिजवलाय. आज संकष्टी!"

घास खाली. शौकत म्हणाला, "चंद्र उगवल्यावर खा." मी म्हटलं, चंद्र उगवल्यावर मोदक खातात बाबा. नूरजहाँभाभी आत जाऊन हसत होती. एवढं काय हसण्यासारखं?

रविवार, ९ नोव्हेंबर

खाल्ला!

मनात रामरक्षा म्हणत खाल्ला. 'चरितं रघुनाथस्य'ला तोंडात, 'महापातकनाशनम्'ला पोटात. मसाला छान होता. आत मासा होता.

मग तीन वेलदोडे चावले, पार्किंगमध्ये वीस मिनिटं येरझारा घातल्या, तेव्हा कुठे वर गेलो. दारातच ईश्वरीने नाक मुरडलं. "बाबा, यू स्मेल लाइक वर्क!"

वाचलो! कामाचाच वास! हे आधी सुचलं असतं तर वेलदोडे वाया गेले नसते. अनुराधाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पानं घ्यायला आत गेली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज चार घास. एक काटा शौकतला चिमट्याने काढावा लागला.

रविवार, १६ नोव्हेंबर

बांगडा. नको. लिहीतसुद्धा नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दुपारी दोन नंबरचा चिलर बसला. पाणी पंधराच्या वर चढलं, मासे सगळे पाण्याच्या इनलेटपाशी गोळा झाले, एकमेकांवर चढू लागले. ऑक्सिजन वाढवला, दुसऱ्या चिलरची लाइन फिरवली. चाळीस मिनिटांत पाणी ताळ्यावर आलं, एकही दगावला नाही. हे मेले तर नोकरी जाईल, हे तर मला घरी आल्यावर सुचलं. तिथे मला फक्त तेच दिसत होते.

आणि परवा यातलाच एक खायचा! शौकतला म्हटलं तर म्हणाला, "आमच्याकडे बकरा पण असाच वाढवतात. डोळ्यांत पाणी येतं, पण ताट परत नाही जात."

गुरुवार, २० नोव्हेंबर

लांब टेबल, पांढरी कापडं, सहा शेफ. कोणी म्हणे "बटरी", कोणी म्हणे "क्लीन फिनिश". राजनसाहेब सगळं लिहून घेत होते. मग माझ्याकडे वळले. "हेमचंद्र, यू आर द फिश मॅन. बोलो!"

खाल्ला. मऊ, गार, किंचित खारट. वाईट नव्हता, तेच वाईट! पण म्हणू काय? तुलनेला आयुष्यात एक सुरमई आणि एक बांगडा. तोंडातून निघून गेलं, "सर, पनीर को समुंदर की याद आए, तो ऐसा लगेगा."

आता गेटबाहेर, असं वाटलं. मग एक गोरा शेफ टेबलावर हात आपटून हसला आणि हे वाक्य मेन्यूवर छापू का म्हणून विचारू लागला! राजनसाहेबांनी मला मिठी मारली. "रिन्यूअल? खलास, हबीबी, पक्का!"

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

नोकरी राहिली, झोप गेली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, अनुराधाशी कधी खोटं बोललो नव्हतो. ती उपास करते, देवाला फुलं आणते, आणि मी खालच्या मजल्यावर चोरून मासे खातो! लाज वाटते. उद्या सगळं सांगणार. माहेरी गेली तर गेली. जाऊ नये.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सांगितलं. ती मेथी निवडत होती, मान वर केली नाही. "माहितीय. फार्मवरच्या माशांना लसणाचा वास नसतो." मग एक जुडी संपवून म्हणाली, "आणि नूरजहाँला म्हणावं, याच्यासाठी तिखट कमी नको करू. दर बुधवारी मला वाढतेस तसंच वाढ."