योगेशच्या मटणातली ओल

डिचोली,
श्रावणातला दुसरा गुरुवार

तीर्थस्वरूप दत्ताराम भावोजींस गोकुळदासचा वाकून नमस्कार.

नार्व्याला तुमचा गुडघा आणि रुक्मिणीताईचा रक्तदाब आपापल्या जागी असतील, अशी आशा आहे. इकडे मी, शेवंती आणि फ्रीज असे तिघेही ठीक आहोत. फ्रीजचं नाव मुद्दाम घेतलं, कारण तुमच्या चिरंजीवांनी गेल्या शुक्रवारी त्यात सातासमुद्रापलीकडून आलेलं पाच किलो गोठवलेलं मटण आणून कोंबलं.

गणपतीची चवथ झाली की योगेश मोरजीला हॉटेल उघडणार, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिथली गिऱ्हाइकं म्हणे जेवणाआधी पौष्टिकता विचारतात (आपण आजवर 'रस्सा आणखी आहे का' एवढंच विचारत आलो). म्हणून मटणाच्या दर्जाचा आणि पौष्टिकतेचा दाखला भिंतीवर लावायचा, आणि तो मी द्यायचा, कारण मी एकतीस वर्षं खाणीच्या प्रयोगशाळेत खनिज तपासलं. दगड तपासणाऱ्या मामाला मटण काय जड, असं त्याचं म्हणणं. ते मटण हातात घेतल्यावर मलाही ते पटलं.

पण श्रावण, भावोजी! शेवंती कडाडली, "चवथ जाईसर ह्या घरात मास शिजचें ना!" मी समजावलं की शिजवायचं नाही, ओल मोजायला फक्त वाळवायचं आहे. तिने पुडक्याला आणि मला, दोघांनाही अंगणात काढलं. मग आमच्या पद्धतीने काम सुरू केलं. खनिजाचा नमुना कसा घेतात? ढीग करायचा, त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि उरलेल्याचा पुन्हा ढीग. तसंच केलं. टाकलेले भाग वाड्यावरच्या कुत्र्यांनी उचलले, आणि आता ती माझ्याशिवाय कुणालाही मानत नाहीत. सवयीने चुंबकही फिरवलं. डॉक्टर सांगतात मटणात लोह असतं, आणि लोह हा तर माझा प्रांत. एक कण चिकटलाही, पण तो घरच्या आदोळीच्या, म्हणजे विळीच्या, पात्याचा निघाला (शेवंतीला अजून सांगितलेलं नाही).

वाळवायला भट्टी हवी. सोमवारी दुपारी पाव भाजणाऱ्या पोदेराच्या हातापाया पडून त्याच्या निवत आलेल्या फोर्नात एक ताट सरकवलं. वास इतका चिवट असेल, हे मला काय ठाऊक? संध्याकाळचे सगळे पाव त्याच वासाचे निघाले. श्रावणी सोमवार! आता वाडा मला वाळीत टाकणार म्हणून मी दार लावून बसलो. पण ओरड कुणीच केली नाही. पाव अर्ध्या तासात संपले, आणि मंगळवारी भजनी मंडळाच्या दोघांनी पोदेराला हळूच विचारलं, कालच्यासारखे परत कधी?

आता निकाल. किलोभर मटण वितळल्यावर दोनशे ऐंशी ग्रॅम गुलाबी पाणी निघालं. म्हणजे ओल अठ्ठावीस टक्के. खनिजाची ओल आधी वजा करतात आणि मग भाव ठरवतात. इथे पाणीच मटणाच्या भावाने विकलंय. पिशवीच्या कोपऱ्यात लाल बर्फ साचलेला, म्हणजे वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठवलेलं. पुडक्यावर तारखेची तीन लेबलं, एकावर एक. नखाने खरवडली. तळच्या लेबलाप्रमाणे हे मटण आमच्या नातीच्या, साक्षीच्या, बारशाआधी संपायला हवं होतं. साक्षी आता बालवाडीत जाते.

मी अहवालात लिहिलं, 'खाण्यास अयोग्य'. योगेश म्हणाला, "मामा, तू फकत सही मार मरे! खाणीर मारतालो, तशी!" ते मला फार लागलं, भावोजी. खरं होतं म्हणूनच लागलं. साहेब आकडा सांगायचे आणि मी खाली सही करायचो. पण तो आकडा कुणी जेवत नव्हतं. यावेळी मी सही केली नाही, आणि तो रागावून निघून गेला.

ताईला नमस्कार, गुडघ्याला तेल.

आपला,
गोकुळदास

ता. क. अहवालात 'चव' हा रकाना मी कोरा सोडला, श्रावण म्हणून. तुमच्यापासून काय लपवू? पोदेराच्या फोर्नाआड उभा राहून एक तुकडा खाल्ला होता. हे पत्र त्यामुळे सात बैठकांत लिहून झालं (बैठका कुठल्या ते विचारू नका). शेवंतीला उपासाचा साबुदाणा बाधला असं सांगितलंय, तुम्हीही तेच सांगा.

ता. क. दुसरा. खरं काम पुढेच आहे. योगेश माझा फोन उचलत नाही. दाखल्यावर कुणा डॉक्टरची सही मिळाली म्हणतात (दातांचा डॉक्टर आहे). तुम्ही त्याला थांबवा. पोरगा मोठा झाला, आपण कशाला मध्ये पडा, असं तुम्ही म्हणाल. पण आमचा मुलगा साईश काल मोरजीला जाऊन आला. हॉटेलचा बोर्ड रंगून तयार आहे: 'दत्ताराम मटण घर'. मी सही केली नाही, भावोजी. तुमची मात्र दीड फुटी अक्षरांत झालेली आहे.